खटक्याची पट्टी

१

घडीच्या चाकूत पात्यापेक्षा खटका महत्त्वाचा, असं ठाकठीकचं ठाम मत होतं. पात्याचं कौतुक सगळेच करतात. अंगठ्यावर धार बघतात, माना डोलावतात. पण उघडलेला चाकू काम करता करता मिटू नये म्हणून मुठीच्या आतून जी एक पातळ पट्टी वाकून पात्याच्या बुडाशी येऊन अडते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ती पट्टी म्हणजे खटका. अंगठ्याने ती बाजूला सारली की पातं मिटतं. सारली नाही तर काही झालं तरी मिटता कामा नये. माणसाची बोटं शाबूत राहतात ती तिच्या जिवावर.

त्याला सगळे ठाकठीक म्हणत, कारण काम संपलं की तो वस्तू उजेडाकडे धरून "आता ठाकठीक" असं म्हणायचा, आणि म्हणेपर्यंत गिऱ्हाइकाला हात लावू द्यायचा नाही. त्याचं खरं नाव बायकोलासुद्धा दवाखान्यात विचारलं तरच आठवायचं.

बायको रोपवाटिकेत कलमं बांधायची, आणि तिच्या हाताचं कलम सहसा मरत नसे. मागे एकदा ठाकठीकने तिला मोठ्या हौसेने घडीचा चाकू करून दिला. खटका पितळेचा लावला, कारण पितळ दिसायला देखणं. पण पितळ पडलं मऊ. ते झिजत गेलं आणि एका सकाळी फांदीत पातं अडकलेलं असताना खटक्याने दगा दिला. चाकू तिच्या उजव्या तर्जनीवर मिटला. जखम भरली, पण बोट वाकायचं ते राहूनच गेलं. तेव्हापासून चहाचा कप धरला तरी ते बोट कोणाकडे तरी रोखल्यासारखं सरळ असे. त्यावरून ती त्याला एका शब्दाने बोलली नाही, आणि त्याला लागलं होतं ते हेच.

रोपवाटिकेत तिला कुंड्यांना पाणी घालायच्या कामावर टाकलं होतं. आता पुन्हा कलमांवर घेतो म्हणाले होते. तिलाही जायचं होतं, जीव तुटत होता. पण घडीचा चाकू हातात घेतला की तिचा तळवा घामेजायचा आणि ती तो खाली ठेवून द्यायची. म्हणून ठाकठीकने ठरवलं होतं, या वेळी असा खटका लावायचा की तो सुटणार नाही म्हणजे नाही.

२

"मग पोलाद लावा ना, भाऊजी," मेहुणा म्हणाला. बायकोचा हा धाकटा भाऊ कारखान्यांतलं उरलंसुरलं धातूचं सामान विकायचा. घरात पाय ठेवल्यापासून निघेपर्यंत त्याचं तोंड बंद नसे.

"पातंही पोलादाचं, खटकाही पोलादाचा. एकमेकांना घासून खातात."

"टायटॅनियम?"

"हलकं आहे, लवचीक आहे. पण चिकटतं. एकदा पात्याच्या बुडाला धरून बसलं की अंगठा दुखला तरी सोडत नाही. सुटावं म्हणून वर शिसपेन्सिल फिरवावी लागते."

"आमच्या सासूबाई राहायला आल्या की अश्शाच! उठायचं नावच नाही."

"मग फिरवून बघ पेन्सिल."

बहीण आतून हसली. मेहुणा जाताना म्हणाला, "चिकटलेलं बरं की हो सुटलेल्यापेक्षा. रविवारी दुपारी येतो, चांगली पट्टी घेऊन येतो. तोवर दम धरा."

पण ठाकठीकला दम धरवला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

या घरात ते नुकतेच राहायला आले होते. पुढे कारखान्यापुरती ऐसपैस जागा, मग दोन खोल्या, मग एक लांब बोळ, आणि बोळाच्या टोकाला कोपऱ्यात अडगळीची खोली. खोलीला खिडकी नाही. दार आतल्या बाजूला उघडणारं. दाराला आणि चौकटीला आतून एकेक लोखंडी कोयंडा, आणि चौकटीच्या कोयंड्यात अडकून राहिलेली धातूची एक करडी पट्टी. दार लावून ती दोन्ही कोयंड्यांतून सारली की झाली कडी.

"अडगळीला आतून कडी कशाला लागते?" पहिल्याच दिवशी बायकोने विचारलं होतं.

"झोपत असेल कोणी पूर्वी."

"बिनखिडकीच्या खोलीत?"

ठाकठीकचं लक्ष पट्टीकडे होतं. चौकटीला लागूनच, वीतभर अंतरावर, बाजूची भिंत होती, त्यामुळे पट्टी सरळ ओढून निघेना. ती धनुष्यासारखी वाकवावी लागली. बाहेर आली आणि त्याने सोडली, तर ती पुन्हा सुतासारखी सरळ. कुठे गंज नाही, कुठे बाक नाही. अशी पट्टी हातात आल्यावर ज्याला चाकू सुचणार नाही तो कारागीर कसला?

दाराच्या आतल्या अंगाला लाकडाचे दोन पट्टे गुळगुळीत झाले होते, एक वर, एक थोडा खाली. पोती टेकवून ठेवत असतील, असं त्याने मनाशी म्हटलं आणि पट्टी घेऊन तो कारखान्यात आला.

३

त्याने लोहचुंबक लावून पाहिला. धरला नाही. म्हणजे साधं पोलाद नव्हे. मग ग्राइंडरला टेकवली. पोलाद पिवळ्या ठिणग्या टाकतं, टायटॅनियम पांढऱ्याशुभ्र. हिने एकही टाकली नाही. पितळही ठिणगी टाकत नाही, पण पितळावर कानस अशी जाते की जणू साबणावरच, आणि इथे कानशीचे दात बोथट व्हायची वेळ आली. धातू कोणता हे त्याला सांगता येईना. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्याला धास्ती वाटायला हवी होती, पण त्याला झाला आनंद.

कोयंडे जिथे बसत, तिथे पट्टीवर दोन उथळ घळी पडल्या होत्या. ठाकठीकने त्यांवरून नख फिरवलं. धातूवरची झीज त्याला आपल्या तळहातासारखी वाचता यायची. हिच्यावर भार आला होता, प्रचंड, आणि एकदा नाही, रोज. कोणीतरी दार ढकललं होतं, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. तरी ही हटली नव्हती. कारागीर माणूस धातू निवडतो तो असाच, आधी सोसलेला, कसाला उतरलेला. त्याने भार किती ते वाचलं. तो कुठल्या बाजूने आला, हे वाचायचं मात्र त्याच्या मनातही आलं नाही. पृष्ठभाग सपाट करायचा म्हणून दोन्ही घळी त्याने घासून काढल्या.

चाकू तयार झाला. पातं उघडलं की खटका टक् असा वाजून बसतो. त्या आवाजावरून बसला की नाही ते कळतं. हा बसला तो मुकाट. ठाकठीकने दोनदा, तीनदा उघडून पाहिलं. पातं पूर्ण उघडलेलं, पट्टी जागेवर, आवाज नाही. मग त्याने चाकूची पाठ लाकडी ठोकळ्यावर आपटली. कच्चा खटका इथे सुटतो. ठोकळ्याला खाच पडली, खटका ढिम्म.

"हे बघ," त्याने बायकोला हाक मारली. "आता ठाकठीक."

तिने पदराला हात पुसला आणि चाकू हातात घेतला. कितीतरी दिवसांनी तिचा तळवा कोरडा राहिला. तिचा चेहरा असा उजळला की ठाकठीकला भरून आलं.

"मिटू कसा पण?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "सुटतच नाहीये."

त्याने घेतला. दोन्ही अंगठे लावून पट्टी सारली तेव्हा कुठे मिटला. "नवा आहे. पेन्सिल फिरवतो," तो म्हणाला.

४

अडगळीच्या खोलीचं दार तेव्हापासून बंद राहीना.

लावून यावं आणि परत जाऊन पाहावं तर ते सताड आत उघडलेलं. ठाकठीक म्हणाला, जमिनीला उतार असेल. उतार बघायला त्याने बेअरिंगमधली गोळी दारासमोर ठेवली. गोळी खोलीकडे न जाता गडगडत उलटी बोळात आली. म्हणजे दार मिटून राहायला हवं होतं. मग तो म्हणाला, वारा. बोळात वारा कुठून येतो, असं बायकोने विचारलं नाही, त्यामुळे त्याला सांगावंही लागलं नाही.

"बोळातून जाताना तुम्ही पण अंग चोरता का हो?" एकदा तिने विचारलं.

"म्हणजे? कोणी उभं असल्यासारखं वाटतं?"

"कोणी म्हणजे एखादं माणूस नाही. गर्दी असल्यासारखं."

तो हसला खरा, पण नंतर तो स्वतःकडे लक्ष देऊन चालला, तेव्हा त्याचं त्यालाच कळलं. रिकाम्या बोळातून तो एक खांदा पुढे काढून, तिरका होऊन चालत होता.

बायको हळूहळू त्या खोलीतच जास्त वेळ राहू लागली. तांदूळ निवडायला तिथे, कपड्यांच्या घड्या घालायला तिथे, दाराला पाठ लावून. "इथे जरा मोकळं वाटतं," म्हणायची. त्या खुराड्यात मोकळं वाटण्यासारखं काय होतं, ते तिलाच ठाऊक.

५

इकडे चाकूतही एक गोष्ट त्याला खटकायला लागली.

खटक्याची पट्टी पात्याच्या बुडाच्या एका कडेला येऊन टेकावी लागते. चाकू वर्षानुवर्षं वापरला की ती झिजत झिजत दुसऱ्या कडेकडे सरकते, आणि ती पार पोचली की तो खटका संपला, कधीही सुटेल. ठाकठीकने चाकू उघडून टेबलावर ठेवला होता. कोणी वापरला नव्हता. तरी सकाळी कडेला असलेली पट्टी दुपारी बरीच आत सरकली होती. डोळे दगा देतात म्हणून त्याने पात्याच्या बुडावर पेन्सिलीने रेघ मारली. संध्याकाळी पट्टीने रेघ झाकली होती.

भार असल्याशिवाय पट्टी सरकत नाही. टेबलावर नुसत्या पडलेल्या चाकूवर कसला भार?

त्याने कान जवळ नेला. आतून फार बारीक आवाज येत होता. जड कपाट लाकडी फळ्यांवर ठेवलं की फळ्या करकरतात तसा, पण कितीतरी दुरून आल्यासारखा. त्याने चाकू मिटायला घेतला. पेन्सिल फिरवली, तेलाचा थेंब सोडला, अंगठा लाल झाला, तेव्हा कुठे तो मिटला. हा खटका काढायचा, असं त्याने त्याच क्षणी ठरवून टाकलं. रविवारी मेहुणा पट्टी घेऊन आला की आधी हेच काम.

बायकोला हे सांगायला मात्र त्याची जीभ रेटेना. इतक्या दिवसांनी तिचा तळवा कोरडा राहिला होता.

६

रविवारी दुपारी पुढचं दार मेहुण्यासाठी उघडंच ठेवून ठाकठीक मिटलेला चाकू हातात घेऊन आत आला. जेवणं झालेली होती, बाहेर लख्ख ऊन होतं. स्वयंपाकघरात बायको नव्हती. तो बोळाच्या तोंडाशी आला. अडगळीचं दार बंद होतं.

"अगं, चहा टाकतेस का? तो येईल एवढ्यात."

"ढकलू नका ना," आतून बायको म्हणाली. तिला धाप लागली होती.

"काय?"

"दार ढकलू नका. मी टेकून बसलेय. मघापासून सांगतेय तुम्हाला."

ठाकठीक बोळाच्या या टोकाला होता आणि दार त्या टोकाला. मध्ये उन्हाची एक तिरीप आणि रिकामी फरशी.

"मी कुठे ढकलतोय? मी इकडे आहे."

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "असं नका ना करू."

तेव्हा त्याने दाराकडे नीट पाहिलं. दाराच्या मधल्या फळ्या आत वाकल्या होत्या. रोज बघितलेलं सपाट दार मध्ये खोलगट झालं होतं, आणि त्याच्यासमोर कोणी नव्हतं. बाजूच्या फटीतून लाकडाचा भुसा झिरपत होता.

आणि मग त्याला सगळी झीज एकदम वाचता आली. आतल्या माणसाला बाहेर यायचं असेल तर तो कडी काढेल आणि येईल. कडीवर भार टाकेल तो बाहेरचा. त्या खोलीत कोणाला कोंडलं नव्हतं. त्या खोलीत कोणीतरी लपलं होतं, उरलेल्या घरापासून. आणि त्यांची कडी त्याने चाकूत घातली होती.

"बाहेर ये," तो म्हणाला. "पटकन ये, आपण घराबाहेर जाऊ."

"पाठ काढली तर ते आत येईल."

तो मागे वळला, मदत आणायला. वळला, पण पाऊल पडेना. बोळ रिकामा होता, ऊन जिथल्या तिथे होतं, आणि गर्दीत माणूस चेपला जातो तशी त्याची छाती चेपत चालली होती. मागे जाता येत नव्हतं. जाता येत होतं ते फक्त दाराकडे.

"उघड जरासं," तो ओरडला. "मी येतोय, मी!"

"तुम्हीच ना?"

"पितळेची चूक माझी होती," तो म्हणाला. हे तो तिला आजवर कधी बोलला नव्हता.

दार हातभर उघडलं. तो आत घुसला आणि दोघांनी पाठी लावून ते पुन्हा मिटवलं.

७

आत मिट्ट काळोख होता. ठाकठीकची पाठ दारावर वरच्या गुळगुळीत पट्ट्यात अलगद बसली. शेजारी जरा खाली बायकोची पाठ दुसऱ्या पट्ट्यात. दोघांनाही ते जाणवलं. पोती कुणी ठेवलीच नव्हती इथे.

त्याने चाकू अर्धा उघडला, पातं चाचपडत दोन्ही कोयंड्यांतून घातलं आणि मूठ भिंतीकडे वळवून सरळ केली. खटका मुकाट बसला. आता मूठ भिंतीला अडत होती. चाकू पुन्हा वाकवल्याशिवाय, म्हणजे खटका सोडवल्याशिवाय, कडी निघणार नव्हती. दार कुरकुरलं आणि थांबलं. पट्टीने भार घेतला होता, आपला जुनाच.

बायको रडत होती, तिचा खांदा त्याच्या दंडाला लागून हलत होता. "तो येईल आता," ती म्हणाली. "भाऊ येईल. तो काढेल आपल्याला."

आणि तो आलाच.

"ताई! पुढचं दार सताड टाकून कुठं गेलात? भरदिवसा चोर शिरला तर चहासुद्धा करून पिऊन जाईल!"

दोघांच्या जिवात जीव आला. ती हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात पावलं बोळाशी आली आणि मेहुणा हसला.

"हे काय, भाऊजी! इथे आहात होय? दाराला टेकून काय उभे राहिलात? घ्या, तुमची पट्टी आणलीय."

बायकोची बोटं ठाकठीकच्या मनगटात रुतली. तो तिच्या शेजारी होता. तिने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून पाहिलं, तरीही.

"पळ!" ती किंचाळली. "अरे, पळ तिथून!"

"ताई आत आहे?" मेहुण्याचा आवाज बदलला. "भाऊजी, कोंडलंत की काय तिला? सरका बघू. सरका म्हणतो ना!"

आणि दारावरचा भार एकदम गेला. फळ्या सरळ झाल्या. कोयंड्यांत चाकू सैल खुळखुळला. जे टेकून उभं होतं ते वळलं होतं.

"उघडा!" बायको म्हणाली. "अहो, उघडा, तो एकटा आहे!"

ठाकठीकचा अंगठा पट्टीवर होताच. त्याने जीव खाऊन ती सारली. चाचपून पाहिलं, तर पट्टी पात्याच्या दुसऱ्या कडेपर्यंत पोचत आली होती आणि तिथे अशी धरून बसली होती की जणू पातं तिचंच. नख मुळातून उलटलं. काळोखात बायकोचा हात आला आणि तिने आपलं ते न वाकणारं बोट त्याच्या अंगठ्याशेजारी लावून रेटायला सुरुवात केली. न सुटणारा धातू हवा म्हणून त्याने ही पट्टी निवडली होती.

"असं काय बघताय, भाऊजी?" बाहेर मेहुणा म्हणाला. आवाजात थट्टा उरली नव्हती. "तुमचा हात..."

फरशीवर धातूची पट्टी पडल्याचा आवाज आला. हलकी होती, चांगली असावी. बराच वेळ झणझणत राहिली. त्यानंतर मेहुणा काही बोलला नाही. तो गप्प बसलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

आणि तेव्हाच खटका केसभर हलला.

"सुटतोय," बायको पुटपुटली. "सुटतोय हो, जोर लावा!"

दार पुन्हा हळूहळू आत वाकू लागलं. ठाकठीकच्या पाठीला ते आधी वर जाणवलं, पूर्वीच्याच ठिकाणी. मग थोडं बाजूला, आणखी एका ठिकाणी. तो भार नवा होता, अजून अंदाज नसल्यासारखा चाचपडत टेकत होता. आता दारावर दोघं होती.

ठाकठीकने अंगठा काढला आणि पट्टीच्या पलीकडच्या बाजूने लावला. सुटू नये म्हणून तो ती दाबून धरू लागला.

बायकोला ते कळलं. ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. पट्टीच्या या अंगाला तिचं सरळ बोट मात्र रेटतच राहिलं.